शाळूला ऊन दाखवताना

गेल्या मंगळवारी म्हापशात दोन तास ऊन पडलं. भाद्रपद संपत आला तरी इथला पाऊस हटायला तयार नव्हता. ऊन दिसल्याबरोबर हातातलं काम टाकलं, पोतं ओढत गच्चीवर नेलं आणि जुन्या चादरीवर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पसरला. मार्चमध्ये गावाकडून आलेल्या पोत्यात आता पंधराएक किलो उरलाय. गोव्याच्या दमट हवेत जोंधळ्याला सोंडे लागायला वेळ लागत नाही. कडुनिंबाचा पाला घातला तरी अधूनमधून ऊन दाखवावंच लागतं.

शेजारच्या माई कपडे वाळत घालायला वर आल्या होत्या. माई मूळच्या पेडण्याकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी वाकून मूठभर दाणे उचलले, तळहातावर फिरवले आणि विचारलं, "तुमगेर हेंच पिकता गो?"

"हो माई, हाच. शाळू."

त्या दोरीकडे वळल्या, मी दाणे हलवत बसले. पण ते उत्तर मला दोन दिवस टोचत राहिलं. मी माईंना खोटं सांगितलं नव्हतं, तरी आमच्या घराबद्दल जवळजवळ काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून आज सवडीनं लिहायला बसले आहे.

माझं माहेर आणि सासर दोन्ही आटपाडी तालुक्यातलं. सांगली जिल्हा म्हटलं की लोकांना कृष्णाकाठचा ऊस आणि हळद आठवते. आमचं गाव त्या सांगलीतलं नव्हे. आमचा माणगंगेचा मुलूख. म्हसवड, आटपाडी, सांगोला करत ही नदी पुढे भीमेला मिळते, पण मी लहानपणी तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त पाहिली. सह्याद्रीवर रिकामे होऊन आलेले ढग आमच्या वाट्याला. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे 500 झाला तर यंदा बरं झालं म्हणायचं. 1998 साली लग्न होऊन म्हापशाला आले आणि पहिल्याच जूनमध्ये आठ दिवस पाऊस थांबला नाही. इतकं पाणी पडतंय आणि कुणी त्याबद्दल आनंदानं बोलत नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटायचं.

त्या मार्चच्या पोत्याबद्दल सांगते. सुतळीनं शिवलेलं तोंड सोडलं की वर आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी बांधलेली गाठोडी असतात. एकात मटकी, एकात हुलगे, एकात भुईमुगाच्या शेंगा. कडेला खुपसलेली करडईच्या तेलाची बाटली. यंदा त्यात एक काळं घोंगडंही होतं. या सगळ्याच्या खाली शाळू. माईंनी पाहिला तो हा तळाचा भाग.

आमची जमीन साडेचार एकर, तीही तीन ठिकाणी. ओढ्याकाठचा पावणेदोन एकराचा तुकडा काळ्या मातीचा, ओल धरून ठेवणारा. शाळू तिथला. करडई त्याच शेताच्या कडेनं, कारण तिच्या काट्यांमुळे भटकी जनावरं आत शिरत नाहीत. माळावरचे दोन एकर मुरमाड. तिथे मृगाचा पाऊस झालाच तर बाजरी, आणि बाजरीच्या ओळींमधून मटकी, हुलगा, तुरीचं एखादं पाटं. बाजरी गेली तर मटकी हाताला लागते. मटकी गेली तर हुलगा असतो, तो पेरून विसरलं तरी काही ना काही देतोच. उरलेला पाऊण एकर घरामागे, विहिरीला लागून. शेंगा, थोडा भाजीपाला आणि जनावरांना मका तिथे होतो, विहिरीत असेल तेवढे महिने. तुकडे एकत्र करा, शेती सोपी होईल, असं पूर्वी एका साहेबांनी मामंजींना सांगितलं होतं. मामंजी ऐकून घेत होते. एकाच जातीच्या जमिनीवर सगळं घर टाकायची कल्पना त्यांना पटण्यासारखी नव्हतीच.

शाळूचं एक खरं सांगायला हवं, कारण माझा त्यावर जीव आहे. आमच्याकडे पेरतात ती मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं हे वाण, मालदांडी 35-1, स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं आहे आणि आजही आमच्या भागात त्याला तोड नाही. भाद्रपद-आश्विनात पेरायचा, आणि नंतर आभाळातून थेंब आला नाही तरी जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर तो माघ-फाल्गुनापर्यंत उभा राहतो. संकरित जाती आल्या, जास्त उतारा देतात म्हणाले, पण त्यांची ताटं बुटकी. शाळू म्हणजे नुसते दाणे नव्हेत, कडबाही आहे. पुरुषभर उंचीचं ताट, गोडसर, गुरं आवडीनं खातात. टंचाईच्या वर्षी कडब्याची पेंढी दाण्याच्या तोडीस तोड पैसे देते. माणसाची भाकरी आणि बैलाची वैरण एकाच पेरणीत निघते, म्हणून मालदांडी टिकली.

आणि बैल का सांभाळायचे, याचं उत्तर आमच्या म्हापशाच्या दुकानात आहे.

आमचं दुकान गलाईचं. सोनारांकडचं जुनं, डागाचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. विटा, खानापूर, आटपाडी, माण या भागातली माणसं या कामासाठी काश्मीरपासून केरळपर्यंत पसरली आहेत. अनोळखी गावाच्या सराफकट्ट्यावर गेलात तर एखाद्या अरुंद गाळ्यात भट्टीशेजारी आमच्याकडची बोली कानावर पडेल. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांच्यातले अनेक जण नंतर या वाटेनं बाहेर पडले. ह्यांचे चुलते तसेच निघाले. हे पंधराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली आले. मूस कशी धरायची, टाकणखार कधी टाकायचा, तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, धूर अंगावर येऊ नये म्हणून कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे सगळं त्यांच्याकडे शिकले. लग्नानंतर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विश्वास बसला नव्हता: सोन्यात मुद्दाम चांदी मिसळतात, ते तेजाबात उकळतात, चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाला राहतो तो ओल्या तपकिरी मातीसारखा चुरा. तो पुन्हा मुशीत घातला की पिवळं सोनं. ह्यांनी मला तो चुरा दाखवला होता तेव्हा मी म्हटलं होतं, ही तर आपल्या माळावरची माती.

स्वतःचा गाळा घ्यायची वेळ आली तेव्हा पैसे कुठून आले? खरसुंडीच्या यात्रेतून. आमच्या भागात खिलार खोंड घेऊन वाढवणं, कामाला लावणं आणि चांगली जोडी जमली की यात्रेत विकणं, हा एक स्वतंत्र धंदाच आहे. मामंजींनी तीन वर्षं पोटच्या पोरांसारखी सांभाळलेली जोडी सिद्धनाथाच्या यात्रेत विकली आणि ते पैसे ह्यांच्या हातात ठेवले. आत्या सांगतात, त्या रात्री मामंजी जेवले नाहीत. म्हणजे म्हापशातलं हे दुकान कडब्यावर उभं आहे. आणि पुढे जेव्हा विहीर आटली, तेव्हा वैरणीचे पैसे याच दुकानातून गावाकडे गेले. शेतीवाले की धंदेवाले, असं आम्हाला कुणी विचारलं की मी गप्प होते, कारण दोन्हींमधली रेघ कुठे ओढायची ते मला खरंच माहीत नाही.

गावाकडे आमच्याच गल्लीत चार घरं चार तऱ्हेची आहेत. पाऊस सगळ्यांना तेवढाच.

पलीकडच्या घरात मेंढरं आहेत. माडग्याळ जातीची, जत तालुक्यातली ही जात. पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग. दिवाळी झाली की ती माणसं बिऱ्हाड घोड्यावर लादून कृष्णाकाठाकडे उतरतात आणि पाऊस लागला की माघारी येतात. वाटेत बागायतदाराच्या रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवायची. त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे. माघारी आल्यावर दोन रात्री आमच्या माळावर बसवतात. आत्या त्यांना शाळू देतात, आणि पोत्यातलं ते घोंगडं त्यांच्याकडून आलेलं.

त्यांच्या शेजारचं जोडपं दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतं आणि कारखान्याच्या पट्ट्यात ऊस तोडायला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. त्यांची दीड एकर जमीन आहे, पण ते शाळू पेरतात ते दुसऱ्याच्या भरवशावर, कारण काढणीला ते गावात नसतातच. लेकरं आजीपाशी. त्या आजीचा चेहरा मला गावी गेले की नेहमी दारात दिसतो.

आणि कोपऱ्यावरची एक बाई, तिला सगळे आक्का म्हणतात. नवरा नाही, जमीन नाही. तिच्याकडे पाच शेळ्या, त्यातल्या तीन अर्धलीच्या. म्हणजे शेळी दुसऱ्याची, चारणं-सांभाळणं आक्काचं, आणि होणाऱ्या पिलांत, नर बोकड असो की मादी पाट, निम्मी वाटणी. शाळू काढून झाला की रानात राहिलेली कणसं ती सरवा म्हणून वेचते, बाजरीच्या सुगीत मजुरीला जाते, उन्हाळ्यात गोधड्या शिवते. मुलीचं लग्न तिनं बोकड विकून केलं. शेळी पाच महिन्यांत विते, बहुतेक वेळा दोन देते, आणि शनिवारी आटपाडीच्या बाजारात नेली की संध्याकाळी हातात रोख. शाळूचे पैसे वर्षातून एकदाच येतात. मूल आजारी पडायला मुहूर्त लागत नाही. आमच्याकडच्या बायका शेळ्या का सोडत नाहीत, हे मला आक्काकडे बघून कळलं. घरातला हा एकच पैसा असा आहे की तो बाईच्या हातातून जातो.

आता आमच्या घरातलं दुखणं. मधल्या भाऊजींनी 2004 च्या सुमारास ओढ्याकाठच्या तुकड्यात डाळिंब लावलं. त्यांना दोष देत नाही. सांगोल्याकडे आणि आटपाडीत डाळिंबानं घरं वर आली होती, पक्की बांधकामं झाली होती, आणि हे झाड कमी पाण्यावर जगतं हेही खरं. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ झाली की पाणी सोडून बहार धरायचा. भाऊजी त्यात मनापासून रमले. दोन वर्षं भगवा जातीच्या डाळिंबाचा माल चांगला गेला. तेव्हा माळावरची बाजरी बंद झाली, शेळ्या विकल्या, कारण त्या बागेत तोंड घालतात. कडबा नाही म्हणून बैल गेले. कर्ज घेताना अर्जात मुख्य पीक म्हणून एकच रकाना होता, त्यात डाळिंब लिहिलं आणि घर खरोखरच त्या एका रकान्यात आलं.

मग तेल्या आला. पानांवर तेलाचा थेंब पडल्यासारखे डाग, तेच पुढे फळावर, आणि फळ तडकतं. हा जिवाणूंचा रोग, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर झाडाझाडांतून पसरणारा. भाऊजींनी फवारण्या केल्या, फांद्या छाटून जाळल्या. मी त्या दिवाळीला गावी होते. सकाळी भाऊजी बागेत गेले की आत्या दारात उभ्या राहायच्या आणि ते परत येताना त्यांच्या हातात किती फळं आहेत ते बघायच्या. तडकलेली फळं ते मुद्दाम लांब टाकून यायचे. 2010 साली त्यांनी बाग उपटली.

डाळिंब लावू नये, असं मला म्हणायचं नाही. आमच्याच गावात ज्यांनी अर्धा एकर बाग ठेवली आणि बाकी शेळ्या, शाळू, बाजरी चालू ठेवली, ती घरं तेल्यातून उठली. आमचं घर उठलं नसतं. म्हापशातून महिन्याला पैसे जात होते म्हणून कर्ज फिटलं, आणि त्यात आमची इथे जागा घ्यायची चार वर्षं पुढे गेली. मला त्याचं दुःख नाही. पण भाऊजींना जे शिकवायला आले, त्यांच्यातल्या कुणीही त्या दिवसांत शेळ्यांबद्दल चकार शब्द विचारला नाही, हे मी विसरले नाही.

2012-13 च्या दुष्काळात हेच पुन्हा दिसलं. मे महिन्यात मुलांना घेऊन गेले तर मामंजी घरी नव्हते, चारा छावणीत होते. गावाबाहेर माळावर जनावरांच्या ओळी, वर गोणपाटाची सावली, माणसं जनावरांपाशीच झोपायची. नव्यानं घेतलेली एक गाय आणि खोंड घेऊन मामंजी तिथे दोन महिने राहिले. छावणीतला ऊस-वैरणीचा आधार नसता तर ती दावण मोकळी झाली असती, यात शंका नाही. पण आमच्या जवळच्या त्या छावणीत शेळ्यामेंढ्या घेत नव्हते. ज्याच्याकडे बैल, तो आत. आक्का तिच्या शेळ्या घेऊन बाभळीच्या शेंगा शोधत रोज पाच-सहा किलोमीटर चालायची.

माझा मुलगा कॉलेजात आहे. त्याला मी हे सगळं सांगत होते तेव्हा त्यानं 2018-19 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे काढून दाखवले. देशातल्या शेतकरी कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत 10,218 रुपये. त्यात मजुरी-पगाराचे 4,063, पिकांचे 3,798, जनावरांचे 1,582, बाकी छोट्या धंद्याचे आणि जमिनीच्या खंडाचे. पिकापेक्षा मजुरीचा वाटा मोठा, आणि हे सगळं त्यांचं, ज्यांना आपण शेतकरी म्हणतो. मी ते आकडे दोनदा वाचले. आत्या वही ठेवत नाहीत, पण त्यांच्या डोक्यातला हिशेब कायम असाच चालत आला आहे.

आता टेंभू योजनेचं पाणी आमच्या तालुक्यात आलं आहे. कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून आणतात. पाणी चळवळीतले नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकारानं आटपाडीत पाणी परिषदा भरत, तेव्हा माझे वडील भाकरी बांधून जायचे. पाणी प्रत्येक कुटुंबाला समान मिळावं, ज्याला जमीन नाही त्यालाही, ही तिथली मागणी होती. वडील घरी येऊन तेच सांगायचे आणि आम्हा मुलांना ते अगदी साधं, रास्त वाटायचं. आज पाणी पाहिलं की डोळे भरून येतात. त्याचबरोबर ओढ्याकाठी उसाची लावण वाढताना दिसते तेव्हा पोटात गोळा येतो. आक्काला त्या पाण्यातलं काय मिळणार, याचं उत्तर मला गावात कुणी दिलेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी माई चहाला आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, माई, परवा मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. आणि मग हे सगळं, असंच मागेपुढे, सांगत गेले. त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आमगेरूय तशेंच गो." त्यांच्या घरी भात काढल्यावर वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, त्याच शेतातल्या ओलीवर अळसाणे, म्हणजे इथली चवळी, व्हायचे, ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकायला त्या स्वतः बसायच्या. डोंगरावर थोडे काजू, दारात पाच माड, आणि दीर तारवार, म्हणजे बोटीवर, कामाला. पेडण्याची जमीन आणि आटपाडीची जमीन यांत काय साम्य असणार, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. ओलीवर येणारे अळसाणे आणि ओलीवर येणारा शाळू, माईंनी एका वाक्यात शेजारी आणून ठेवले. जाताना मी त्यांना पावशेर हुलगे दिले आणि माडग्याची, म्हणजे हुलग्याच्या पिठाच्या पातळ पेजेची, कृती सांगितली.

काल रात्री आत्यांचा फोन आला. उत्तरा नक्षत्र कोरडं गेलं होतं, सगळं आता हत्तीच्या, म्हणजे हस्त नक्षत्राच्या पावसावर होतं. परवा रात्री तो एकदाचा पडला, तासभर.

"पेरताय का मग?" मी विचारलं.

"न्हाय अजून. खुरपं घिऊन गेलते सकाळी. वीतभर उकरलं. वरची माती मुठीत धरली तर गोळा हुतोय, खालची हुत न्हाय. आजून एक पायजे." मग जरा थांबून म्हणाल्या, "बियाणं काढून ठेवलंय. आन् काळी शेळी व्याली बग काल. दोन्ही पाटी हायत्या."